कॅरिबियनचं बेट निवडताना आधी पासपोर्ट उघडा, नकाशा नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं जोडपं, नवरा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, बायको त्यावर अवलंबून असलेल्या एच-४ वर. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, दोघंही जन्माने अमेरिकन. रत्नागिरीहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. आई माळकरी, अंडंही चालत नाही. बाबांचे गुडघे दुखतात, पण मासे आणि क्रिकेट यांच्यासाठी ते कुठंही यायला तयार. थँक्सगिव्हिंग किंवा ख्रिसमसच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून समुद्रकिनारी पाच-सहा दिवस राहायचंय. डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना, मेक्सिकोतलं कॅनकून की जमैका? ऑल-इन्क्लूसिव्ह, म्हणजे राहणं-खाणं-पिणं सगळं एकाच दरात, घ्यावं का? आणि शेवटी कंसात एक वाक्य: आई-बाबांची आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची सरकारी नोंद) सात जानेवारीला संपते, पण बाहेर जाऊन आल्यावर ती नव्याने मिळेलच.

अख्ख्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ती नव्याने मिळेल असं धरून चालू नका. अमेरिकेच्या नियमांत 'शेजारची बेटं' असा एक गट आहे. त्यात बहामा, जमैका, डॉमिनिकन रिपब्लिक, बार्बाडोस, त्रिनिदाद अशी बहुतेक कॅरिबियन बेटं येतात. पाहुणा म्हणून आलेला माणूस मेक्सिको, कॅनडा किंवा या बेटांवर तीस दिवसांच्या आत जाऊन आला, तर त्याला जुन्याच मुदतीत परत घेता येतं. कधी अधिकारी नवी मुदत देतो, कधी देत नाही. हातात काय पडेल ते विमानतळावरच कळतं. तेव्हा सात जानेवारीच्या आतलं मुंबईचं तिकीट काढून ठेवा आणि ते प्रवासात जवळ बाळगा. परत आल्यावर आय-९४ वरची तारीख संकेतस्थळावर जाऊन स्वतः बघा. मुदतवाढीचा अर्ज आधीच टाकलेला असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकू नका.

आता तुमचे दोघांचे पासपोर्ट उघडा. नोकरीची मंजुरी अजून दोन वर्षं आहे हे मला ठाऊक आहे, मला हवाय तो पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा. त्याची तारीख उलटली असेल तर कॅरिबियन बेटांवरून परत येता येत नाही. 'व्हिसा संपला तरी तीस दिवसांत परत येता येतं' हे मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला कोणीतरी छातीठोकपणे सांगतंच. ते अर्धं खरं आहे. एच व्हिसावाल्यांना ती सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती. बेटांसाठी ती विद्यार्थ्यांच्या एफ आणि देवाणघेवाण कार्यक्रमांच्या जे व्हिसावाल्यांना आहे. आणि मेक्सिकोचीही गंमत बघा: भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोत व्हिसाशिवाय शिरायचं तर चालू अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड लागतं. म्हणजे परत यायची सवलत आहे, पण आत जायला मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागतो.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. सहली ठरवून देण्याच्या माझ्या धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाचं पुंता कानाचं सगळं बुकिंग केलं. बाईंचा एच-४ चा व्हिसा चार महिन्यांपूर्वी संपला होता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चेक-इनच्या काउंटरवर त्यांना थांबवलं. चार बॅगा, दोन रडणारी मुलं, आणि परत न मिळणारे पैसे. तेव्हापासून मी बेटाचं नाव काढायच्या आधी सगळ्यांच्या पासपोर्टांचे आणि व्हिसांचे फोटो मागवते. एखाद्याचा व्हिसा संपलेला निघाला, तर माझं उत्तर ठरलेलं: पोर्तो रिको. तो अमेरिकेचाच भाग आहे, मुख्य भूमीवरून जाताना सीमा ओलांडावी लागत नाही. जुनं सॅन हुआन, तिथला एल मोरो किल्ला, एल युंकेचं पावसाळी जंगल, व्हिएकेसच्या खाडीत रात्री पाणी ढवळलं की निळसर चमकणारं पाणी. खऱ्या अर्थाने ऑल-इन्क्लूसिव्ह तिथं फारसं मिळत नाही, एवढंच. तिथंही आई-बाबांचे पासपोर्ट बरोबर ठेवायचेच.

तुमचे व्हिसे चालू आहेत असं धरून पुढे जाते.

आता बेट. लोक मला फोटो पाठवतात आणि म्हणतात, असं निळं पाणी हवंय. निळं पाणी सगळीकडेच आहे. मी बघते ती किनाऱ्याची दिशा. शाळेत भूगोलात व्यापारी वारे शिकलो होतो ना, ते इथं जवळजवळ वर्षभर ईशान्य-पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे बेटांची पूर्वेची बाजू म्हणजे अटलांटिकची थेट थप्पड, लाटा, ओढ. आणि पश्चिमेची बाजू म्हणजे बेटाच्याच पाठीचा आडोसा. चार वर्षांच्या मुलीला आणि दुखऱ्या गुडघ्यांना पश्चिमेचं पाणी हवं. तुमच्या बाबांना हे एका वाक्यात समजेल. कोकणाचा किनारा पश्चिमेलाच तोंड करून आहे, पण तिथं नैर्ऋत्येचा मोसमी वारा समोरून येतो म्हणून पावसाळ्यात समुद्र खवळतो. इथं वाऱ्याची बाजू उलटी.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी पाणी दिवसभरात हात-दीड हात वर-खाली होतं, बस. सकाळी खुर्ची मांडलेली जागा संध्याकाळीही कोरडीच. पण याचा अर्थ समुद्र आज्ञाधारक आहे असा नाही. ओढीचे प्रवाह इथंही असतात आणि रिसॉर्टच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट सरगॅसम. हे तरंगणारं तपकिरी समुद्री शेवाळ आहे. २०११पासून ते कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर ढिगांनी येऊ लागलं. किनाऱ्याला लागून कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. साधारण मार्च-एप्रिलपासून उन्हाळाभर त्याचा जोर, आणि मार पुन्हा पूर्वेच्या किनाऱ्यांनाच: पुंता काना, कॅनकूनच्या खालचा सगळा पट्टा, बार्बाडोसची पूर्व बाजू. नोव्हेंबर-डिसेंबरात त्रास बराच कमी असतो, त्यामुळे तुमच्या तारखांना मी हे फार मनावर घेणार नाही. पण कोणी जूनमधला स्वस्त पुंता काना दाखवला, तर तो स्वस्त का आहे ते आता कळेल. फ्लोरिडातलं एक विद्यापीठ उपग्रहाच्या चित्रांवरून दर महिन्याला याचा अंदाज काढतं, मी तो बुकिंगआधी बघतेच.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, ऐन भर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. थँक्सगिव्हिंग म्हणजे हंगामाची शेपटी, पण हंगामाच्या टोकांवर विसंबू नये: २०२४ साली बेरिल १ जुलैला, म्हणजे एवढ्या लवकर, ग्रेनाडाच्या करियाकू बेटावर आदळलं, आणि २०२५मध्ये मेलिसा २८ ऑक्टोबरला, एवढ्या उशिरा, जमैकाच्या नैर्ऋत्य भागावर पाचव्या श्रेणीचं होऊन आलं. प्रवासविमा बुकिंगबरोबरच घ्या. वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर घेतलेला विमा त्या वादळाचे पैसे देत नाही.

आता तुम्ही विचारलेली तीन ठिकाणं. पुंता कानाला पैसे सगळ्यात कमी लागतात आणि मुलांसाठी घसरगुंड्यांचे पूल तिथं सर्वांत मोठे. बावारोच्या बाजूला प्रवाळाची भिंत लाटा थोपवते. उत्तरेला उवेरो आल्तोच्या बाजूला पाणी उग्र असतं, आणि रिसॉर्टची जाहिरात दोन्हींना 'पुंता काना'च म्हणते. बुकिंगआधी नकाशात नेमकी जागा बघा. तुम्हाला मी ते सुचवत नाही याचं कारण पाणी नाही, रिसॉर्टचा आकार आहे, त्याबद्दल पुढे. कॅनकूनला शाकाहारी माणसाचं खरं तर चांगलं भागतं, मक्याची टॉर्टिया आणि घेवडा ही तिथली भाकरी-आमटी. पण शिजवलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, ते विचारावं लागतं, आणि तेही स्पॅनिशमधून. जमैकात नेग्रिलचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, लांबलचक आणि शांत, पण माँटेगो बेच्या विमानतळापासून गाडीने दीड तास. शिवाय मेलिसाने त्याच भागाला झोडपलं, त्यामुळे हॉटेल पूर्ण सुरू आहे की अर्धं, हे त्यांच्याकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

तुम्ही न विचारलेलं चौथं नाव मी घालते: बार्बाडोस, पश्चिम किनारा. होलटाउन, पेन्स बे हा पट्टा. न्यूयॉर्कहून थेट विमानाने साधारण पाच तास. भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही (तरी तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा एकदा तपासा, नियम बदलतात). भाषा इंग्रजी. नळाचं पाणी पितात, ते चुनखडीतून झिरपून आलेलं असतं. सगळे समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे तुमच्या खुर्चीजवळ मणी-माळा विकणारी बाई येईल; आईंना ती आवडेल. त्यांचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, सरळ हिशोब. विजेचे प्लगही अमेरिकेसारखेच. बाकी बेटांपेक्षा महाग आहे हे लपवत नाही. आणि हिवाळ्यात कधीकधी उत्तरेकडून मोठ्या लाटा पश्चिम किनाऱ्यालाही येतात. एखादा दिवस पोहणं बंद ठेवावं लागेल.

आणि बाबा! ब्रिजटाउनचं केनसिंग्टन ओव्हल तिथंच आहे. १९७१च्या दौऱ्यात मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी तिथं १५० काढल्या, गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७. त्या मालिकेत गावसकरांच्या ७७४ धावा झाल्या, सरदेसाईंच्या ६४२, आणि अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. मैदानाबाहेर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे, तेव्हाचा समोरचा कप्तान. आणि २९ जून २०२४ला रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक उंचावला तो याच मैदानावर. नातवाला गेल्या काळातलं ठाऊक नसेल आणि आजोबांना नव्याचं कौतुक कमी असेल, पण मैदान एकच. माझ्या अनुभवात साठीच्या पुढच्या मराठी पुरुषाला बीच रिसॉर्टवर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. त्या तिसऱ्या दिवसासाठी हे राखून ठेवा. आत सोडतात का, हे आधी फोन करून विचारा.

आता ताट. या भागासाठी मला सगळ्यात जास्त फोन येतात.

'व्हेजिटेरियन' हा शब्द एकटा कधीच पाठवू नका. मासे शाकाहारात धरणारे आचारी मी दर सहलीत बघते. भातात कोंबडीचं पाणी असतं, वाटाणे-घेवडा घातलेल्या भातात खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा चवीसाठी पडलेला असतो, तो काढून टाकून 'आता चालेल' म्हणतात. मी हॉटेलला पत्र पाठवते ते असं: मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, अंडं नाही, त्यांचं पाणी किंवा चरबी नाही, दूध, दही, चीज चालतं. निघायच्या आठवडाभर आधी पाठवायचं आणि पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य आचाऱ्याला भेटायचं. म्हणूनच रिसॉर्ट लहान घ्या. हजार खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये आठ रेस्टॉरंटं असतात, पण आचारी रोज वेगळा. ऐंशी-शंभर खोल्यांच्या ठिकाणी तिसऱ्या दिवशी आचारी आईंना नावाने ओळखतो आणि विचारल्याशिवाय भोपळा परतून आणून देतो.

आईंना तिथलं जेवण अगदी परकं वाटणार नाही. 'ब्रेडफ्रूट' म्हणजे आपला नीरफणस. काप करून तळून मागा. कूकू म्हणजे मक्याच्या पिठाची, भेंडी घालून घोटलेली उकड. ते उडत्या माशांबरोबर वाढतात आणि तेच बेटाचं राष्ट्रीय जेवण. कूकू वेगळं मागता येतं, पण पाणी कशाचं होतं ते विचारा. रताळी, केळी, पपई, भोपळ्याची भजी (यात अंडं असू शकतं). एकादशी आली तर रताळं-केळं-दही आहेच. आणि तुम्ही थँक्सगिव्हिंगला गेलात तर कॉन्कीज मिळतील. ३० नोव्हेंबर हा बार्बाडोसचा स्वातंत्र्यदिन, आणि नोव्हेंबरात घरोघरी मक्याचं पीठ, भोपळा, रताळं, खोबरं कालवून केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाल्लेल्या माणसाला पान उघडताना येणारा वास ओळखीचा वाटतो. अंडं नसलेली विचारून घ्या.

जाता जाता, पुढे कधी जमैका-त्रिनिदादला गेलात तर लक्षात ठेवा: जमैकातली कॅलालू म्हणजे माठाच्या जातीची पालेभाजी, आणि त्रिनिदादमधली कॅलालू म्हणजे अळूची पानं नारळाच्या दुधात, म्हणजे आपलं फदफदंच. जमैकात रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण बहुतेक शाकाहारी असतं, पण काही जण मासे चालवतात, तेवढं विचारून घ्या. तो एक शब्द म्हटला की बाकी फारसं समजावून सांगावं लागत नाही. आणि जमैकात 'बॉम्बे' नावाचा आंबा खरोखरच मिळतो, मे-जूनच्या सुमारास.

बाबांसाठी: उडते मासे खायचेच. शुक्रवारी संध्याकाळी दक्षिणेला ऑइस्टिन्सला कोळ्यांच्या बाजारात मासे भाजतात, गर्दी आणि गाणी असतात. सात वाजायच्या आत जा, नंतर उभं राहायला जागा नसते. मेनूवर 'डॉल्फिन' दिसलं तर नातीला रडू देऊ नका. तो महीमाही नावाचा मासा आहे, समुद्रातला तो हसरा प्राणी नव्हे.

बॅगेत मेतकूट, लोणचं, शेंगदाण्याची चटणी बंद पाकिटात न्या. ताजी फळं, कढीपत्ता नको. बुफेतला गरम भात, वर लोणी आणि मेतकूट. मी हे कमीत कमी शंभर सासवांना खाताना पाहिलंय आणि त्या रात्री सगळं घर शांत झोपतं.

ऑल-इन्क्लूसिव्ह घ्यावं का? पैशांचा हिशोब केला तर तुम्ही हरता. दर माणशी लावतात आणि त्या दरात दारूचा वाटा मोठा असतो. तुमच्या सहांपैकी चौघं तर पिणारच नाहीत. स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली तर निम्म्यात भागेल. तरीही मी तुम्हाला ऑल-इन्क्लूसिव्हच सांगते. कारण स्वयंपाकघर असलं की तुमची आई सकाळी सहाला पोहे करायला उठणार, आणि ती उठली की तुमची बायको उठणार, आणि पाच दिवसांची सुट्टी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या शनिवारसारखी दिसायला लागणार. पाच रात्रींसाठी तो जादा पैसा या दोघींच्या सुट्टीचा समजा. आठ-दहा दिवस राहणार असता तर उत्तर वेगळं दिलं असतं.

घेताना काय विचारायचं? विमानतळावरून ने-आण धरली आहे का. होडी, कयाक अशा बिनइंजिनाच्या गोष्टी बहुतेक ठिकाणी फुकट असतात, इंजिनवाल्या नाहीत. संध्याकाळच्या काही रेस्टॉरंटांत मुलांना घेत नाहीत आणि पुरुषांना लांब पँट लागते; बाबांच्या बर्म्युडाला तिथं प्रवेश नाही. मुलांचा क्लब साधारण चार वर्षांपासून असतो, पण मुलगी स्वतः स्वच्छतागृहात जाणारी हवी. आणि सँडल्स हे नाव दिसलं तर थांबा, ती रिसॉर्टं फक्त जोडप्यांसाठी आहेत; त्याच कंपनीची कुटुंबांसाठीची शाखा बीचेस नावाने चालते. 'फक्त प्रौढांसाठी' ही ओळ वेबसाइटवर बारीक अक्षरात असते. एक कुटुंब दोन मुलं घेऊन तशा ठिकाणच्या दारात उभं राहिलेलं मला माहीत आहे. ते बुकिंग माझं नव्हतं, पण फोन मलाच आला.

खोल्या दोन घ्या, मधून दार असलेल्या. इंग्रजीत शेजारच्या खोलीला 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणतात आणि मधून दार असलेल्या खोलीला 'कनेक्टिंग'. तुम्हाला दुसरा हवाय, तो पत्रात लिहून 'नक्की' असं उत्तर घ्या. बाबांसाठी तळमजला, आणि न्हाणीघरात टब नको. टबच्या कडेवरून ओला पाय टाकताना गुडघा दगा देतो. समुद्रापेक्षा जास्त पडझड मी न्हाणीघरांत ऐकली आहे. वाळूत चालणं गुडघ्यांना जड जातं, म्हणून रेस्टॉरंट आणि किनारा खोलीपासून किती पावलांवर आहे ते विचारा. बाबांना हॅरिसनच्या गुहेत नक्की न्या. छोट्या ट्रामगाडीत बसून खाली जायचं, चालावं लागत नाही. बाथशेबाला पूर्व किनाऱ्यावर एक चक्कर मारा, प्रचंड खडक आणि फेसाळता अटलांटिक. बघायला. तिथं पाण्यात उतरायचं नाही.

आई पोहणार नाहीत, हे गृहीत धरू नका. पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ असा पोहायचा पोशाख ऑनलाइन मिळतो, तो आधी घरी आणून ठेवा. पंजाबी ड्रेस घालून समुद्रात उतरलं तर कोणी काही म्हणत नाही. पूलमध्ये मात्र सुती कपड्यांना बंदी असते आणि भर लोकांत टोकलं की आई पुढचे चार दिवस खुर्ची सोडत नाहीत. शांत पश्चिम किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहण्यात काय सुख आहे, ते त्यांना पहिल्याच सकाळी कळू द्या.

ऊन. बार्बाडोस चेन्नईच्या अक्षांशावर आहे. 'आपल्याला ऊन बाधत नाही' म्हणणारे तिसऱ्या दिवशी पाठीला कोरफड लावून पालथे झोपतात, कारण वाऱ्यामुळे ऊन कळतच नाही. नोव्हेंबरअखेर तिथं साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. किनाऱ्याच्या वेळा सकाळी सात ते दहा आणि दुपारी साडेतीननंतर. मधल्या वेळात झोपा.

मुलं पाण्यात असताना एकच माणूस पहारेकरी, पंधरा मिनिटांची पाळी, हातात फोन नाही. चार मोठी माणसं काठावर असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. लाइफ जॅकेट घरून न्या. ओढीत सापडलं तर काठाकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं. नऊ वर्षांच्या मुलाला हे निघायच्या आधी शिकवता येतं. आणि किनाऱ्यावर एक झाड असतं, मँचिनील. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, खोडावर बऱ्याचदा लाल पट्टा किंवा पाटी. फळ विषारी, चीक कातडी भाजून काढतो, आणि पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. मुलांना पहिल्याच दिवशी ते झाड दाखवून ठेवा. माकडांचं सांगायला नको, रत्नागिरीची माणसं आहात. गच्चीवर केळी ठेवू नका.

आई-बाबांसाठी अमेरिकेत घेतलेला आरोग्यविमा अमेरिकेबाहेर चालतो का, हे कंपनीला लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसी चालत नाहीत किंवा थोडेच दिवस चालतात. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. डास चावू देऊ नका, डेंगी या भागात सगळीकडे आहे.

थँक्सगिव्हिंग की ख्रिसमस? थँक्सगिव्हिंग. ख्रिसमसच्या आठवड्यात दर वर्षातले सर्वांत चढे असतात, आचाऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, आणि विमान रद्द झालं तर सात जानेवारी फार जवळ येते. मुलांची शाळा दोन दिवस बुडवून मंगळवारी निघा, रविवारी परत या. सोमवारपर्यंत राहिलात तर स्वातंत्र्यदिनाची सुट्टी कुठल्या वारी येते ते बघून बाहेरच्या फेऱ्या ठरवा.

आणि एक, जे कोणी सांगत नाही: मुलाचा लष्करी ठिपक्यांचा टी-शर्ट किंवा टोपी असेल तर घरी ठेवा. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद अशा बऱ्याच बेटांवर तसे कपडे सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा. विमानतळावर काढून घेतात, आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या सुट्टीची सुरुवात आवडती टोपी गमावून होते.

आता पासपोर्टांचे फोटो काढा. सगळ्यांचे, व्हिसाच्या पानासकट.